उरलेल्या रायफली आणि एक विसरलेलं विधेयक

जुन्या अमेरिकन शिकार-मासिकांचं वेड मला कॉलेजात असताना लागलं, ते सुटलंच नाही. रद्दीतून आणलेल्या त्या अंकांतल्या शिकारकथांपेक्षा मी मागच्या पानांवरच्या जाहिरातींतच जास्त रेंगाळायचो. जर्मन माउझर, इटालियन कारकानो, जपानी अरिसाका आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली थ्री-नॉट-थ्री ली-एनफील्ड. महायुद्धांत माणसं मारायला घडवलेली ही हत्यारं तिथे हरणाच्या शिकारीसाठी किरकोळ किमतीत, टपालाने घरपोच मिळत होती. हा माल तिथवर कसा पोचला याचा शोध घेता घेता मी तो अडवू पाहणाऱ्यांपर्यंत पोचलो, आणि खरी गोष्ट तिथेच होती.

आपल्याकडे असं काही घडणं शक्यच नव्हतं. थ्री-नॉट-थ्री हा लष्करी बोअर. इंग्रजांनी तो नागरिकांना बंद केला आणि स्वातंत्र्यानंतरही तो बंदच राहिला. म्हणून इशापूरच्या कारखान्याने ली-एनफील्डच्याच धर्तीवर .३१५ बोअरची वेगळी शिकारी रायफल काढली. पुढे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ संपलीच. अमेरिकेत मात्र लष्कराची जुनी रायफल नागरिकाने विकत घ्यावी, यात सरकारलाच वावगं वाटत नव्हतं. पहिल्या महायुद्धानंतर जुन्या क्रॅग रायफली नेमबाजी संघटनेच्या सभासदांना नाममात्र किमतीत मिळाल्या. थिओडोर रूझवेल्ट १९०९मध्ये आफ्रिकेत गेले, ते शिकारीसाठी बदलून घेतलेली लष्करी स्प्रिंगफील्ड घेऊन. १९२३मध्ये न्यूयॉर्कात निघालेल्या ‘ग्रिफिन अँड हाउ’ कंपनीने लष्करी रायफल शिकारीसाठी बदलण्याचं हे काम श्रीमंतांच्या चैनीच्या पातळीवर नेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते कामगाराच्या गॅरेजात उतरलं.

तिथे होणारं काम साधं, पण चिकाटीचं. लष्करी रायफलीचं लाकूड जवळजवळ नळीच्या टोकापर्यंत जातं. ते निम्म्यावर कापायचं. संगीन अडकवायची खुंटी आणि नळीभोवतीच्या पट्ट्या काढायच्या, नळी थोडी आखूड करायची. जुन्या माउझरच्या बोल्टची मूठ सरळ आडवी बाहेर येते आणि वर दुर्बीण बसवली की तिला अडते. म्हणून ती कापून, खाली वळवून पुन्हा वेल्ड करायची. सेफ्टीचा खटका उभा फिरतो, त्यालाही दुर्बीण आडवी येते, तोही बदलायचा. हौस असेल तर मिसुरी राज्यातल्या वॉर्सॉ गावच्या बिशप किंवा फायेन यांच्याकडून अर्धवट कोरलेला अक्रोडाचा दस्ता मागवायचा आणि उरलेलं कोरीवकाम स्वतः करायचं. शेवटी काडतूस बदलायचं. लष्करी गोळीला पूर्ण धातूचं कवच असतं, ती हरणातून आरपार जाते आणि जखमी जनावर दूर रानात जाऊन तडफडत मरतं. म्हणून मऊ टोकाची गोळी हवी. अनेक राज्यांत तसा नियमच आहे.

स्वस्त परदेशी माल म्हणजे कमकुवत माल, हा समज तेव्हा पक्का होता. पी. ओ. ॲकली नावाच्या बंदूक-कारागिराने निरनिराळ्या लष्करी रायफली मुद्दाम वाढत्या दाबाची काडतुसं भरून फुटेपर्यंत तपासल्या. लोक ज्यांना भंगार म्हणत, त्या जपानी अरिसाका सर्वांत टणक निघाल्या. उलट अमेरिकेच्या अभिमानाची स्प्रिंगफील्ड! तिच्यातल्या आठ लाखांखालच्या क्रमांकांच्या रायफलींचं पोलाद ठिसूळ असल्याचं पहिल्या महायुद्धाच्या काळात उघड झालं. भट्टीवरचे अनुभवी कारागीर तापलेल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी पाहून उष्णता ठरवत. तापमापक लावल्यावर कळलं, की लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग दिसेपर्यंत पोलाद ढगाळ दिवसापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापलेलं असे. कोणती रायफल भरवशाची, हे देशाचं नाव पाहून ठरत नव्हतं.

या बाजाराचा राजा होता सॅम्युएल कमिंग्ज. जन्म १९२७चा, काही काळ सीआयएत शस्त्रांचा जाणकार म्हणून नोकरी. १९५३मध्ये त्याने इंटरआर्मको ही कंपनी काढली. वॉशिंग्टनजवळ अलेक्झांड्रियात, पोटोमॅक नदीकाठी त्याची गोदामं होती. जगातली सैन्यं नव्या स्वयंचलित रायफलींकडे वळत होती आणि जुन्या बोल्टवाल्यांचं काय करायचं, हा प्रत्येक सरकारपुढचा प्रश्न होता. कमिंग्ज त्या घाऊक उचलायचा. तो पुढे मोनाकोत राहायला गेला आणि १९९८मध्ये तिथेच वारला. शस्त्रांच्या व्यापाऱ्याबद्दल मला प्रेम नाही. पण ज्या रायफली दुसऱ्या एखाद्या युद्धात गेल्या असत्या, त्यांतल्या कितीतरी त्याच्यामुळे हरणाच्या रानात गेल्या, हे नोंदवायला हवं.

या स्वस्त मालाने देशी कारखानदार हैराण झाले. विंचेस्टरच्या नव्या ‘मॉडेल ७०’साठी शंभर डॉलरच्या वर मोजावे लागत, तेवढ्यात गिऱ्हाईक जुनी माउझर, दुर्बीण आणि नवा दस्ता घेऊन वर काडतुसंही घेई. एप्रिल १९५८मध्ये सिनेटमध्ये एक विधेयक आलं: मुळात लष्करासाठी बनवलेल्या बंदुकांची आयात बंद करावी. ते मांडणारे होते मॅसॅच्युसेट्सचे तरुण सिनेटर जॉन एफ. केनेडी. गुन्हेगारी हा त्या विधेयकाचा गाभा नव्हता. प्रश्न केनेडींच्या राज्यातल्या बंदूक-कारखान्यांचा आणि तिथल्या नोकऱ्यांचा होता. स्मिथ अँड वेसन तिथली, सॅव्हेज तिथली. याच सॅव्हेजने युद्धकाळात चिकोपी फॉल्स गावात ब्रिटनसाठी दहा लाखांहून अधिक ली-एनफील्ड बनवल्या होत्या. युद्ध संपल्यावर तसाच माल भंगाराच्या भावाने परत येऊन आपल्याच कारखान्याचं गिऱ्हाईक पळवतो, हे तिथल्या कामगाराला किती झोंबलं असेल, हे मी समजू शकतो. विधेयक मूळ रूपात टिकलं नाही. अमेरिकेने परदेशांना मदत म्हणून दिलेली शस्त्रं परत आणायला तेवढी बंदी आली. इटली, जर्मनी, जपानच्या रायफलींना दार उघडंच राहिलं.

१९६०मध्ये त्याच दारातून कारकानो जातीची एक इटालियन रायफल आली. मार्च १९६३मध्ये शिकागोच्या ‘क्लाइन्स’ दुकानाने ती दुर्बिणीसह १९.९५ डॉलरला, टपालखर्च धरून २१.४५ला, खोटं नाव दिलेल्या टेक्ससमधल्या एका गिऱ्हाइकाकडे धाडली. २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये त्याच रायफलीने, तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या केनेडींची हत्या झाली. पाच वर्षांपूर्वीचं विधेयक पूर्ण मंजूर झालं असतं, तर ती रायफल अमेरिकेत आलीच नसती. हा योगायोग वाचून मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटू शकलो नव्हतो.

कनेक्टिकटचे सिनेटर टॉमस डॉड टपालाने विकल्या जाणाऱ्या पिस्तुलांची चौकशी आधीपासून करत होते. डॅलसनंतर त्यांनी रायफलीही त्यात घेतल्या. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्याने टपालविक्री थांबली. माझ्या मते ते आवश्यकच होतं. पण त्याच कायद्याने लष्करी मालाची आयातही बंद केली, आणि दहा वर्षांपूर्वी कारखानदारांना जे हवं होतं ते सार्वजनिक सुरक्षेच्या नावाने त्यांच्या पदरात पडलं. कोल्ट आणि विंचेस्टर डॉड यांच्याच राज्यातल्या. दोन वेगळ्या गोष्टी एका गाठीत बांधल्या गेल्या आणि त्या सोडवून पाहायची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

१९८४मध्ये कायदा सैल झाला, तोही फक्त संग्राह्य वस्तूंपुरता: रायफल जुनी हवी आणि मूळ लष्करी रूपातच हवी. लाकूड कापलेली चालत नाही. इथून बाजारभाव उलटा फिरला. अभंग माउझरला मान आणि दाम. गॅरेजात घडवलेली तीच रायफल ‘बिघडवलेली’ म्हणून कोपऱ्यात. संग्राहक आज तिच्याकडे पाहून हळहळतात. लाकूड कापलं गेलं तेव्हा या रायफली दुर्मिळ नव्हत्या, हे ते विसरतात. ज्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही, अशा कितीतरी रायफली भट्टीत वितळल्या. इशापूरला १९६०च्या दशकात बनलेल्या ७.६२च्या रायफलीही पुढे अमेरिकेत पोचल्या आणि तिथल्या ‘गिब्ज’ कंपनीने त्या आखूड करून रानात वापरण्याजोग्या केल्या. आपल्या कारखान्याचा शिक्का असलेलं ते पोलाद तिथल्या शिकाऱ्यांच्या हाती गेलं, ते या कापाकापीमुळेच.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. शस्त्रसंग्रहालयांनी अभंग रायफलीशेजारी एक कापलेलीही ठेवावी: कानशीचे ओरखडे असलेली, हाताने वेल्ड केलेल्या मुठीची. पहिलीत फक्त सैन्याचा इतिहास आहे. दुसरीत सैन्याचा तर आहेच. शिवाय युद्धाहून परतलेल्या आणि शंभर डॉलर नसलेल्या माणसाने त्याच हत्याराने घरी मांस कसं आणलं, याचाही आहे. त्या माणसाच्या बाजूने सिनेटमध्ये कोणी विधेयक मांडलं नव्हतं. इतिहासात तरी त्याची नोंद व्हावी.