गाणे चालते, गाणारी चालत नाही

१९३८ साली बिली हॉलिडे ही काळी गायिका आर्टी शॉ या गोऱ्या वादकाच्या वाद्यवृंदात गात होती. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिचे गाणे ऐकायला लोक जमत. पण त्याच हॉटेलात तिला सामानाच्या लिफ्टने ये-जा करायला लावले गेले. पाहुण्यांच्या लिफ्टमध्ये काळी बाई दिसू नये, एवढेच कारण. थोड्याच काळात तिने तो वाद्यवृंद सोडला.

गाणे चालते, गाणारी चालत नाही. हा न्याय आपल्याला नवा नाही. रात्री फडात दौलतजादा करणारा पाटील सकाळी त्याच फडातल्या कलावंतांना पाणवठ्यावर उभे राहू देत नव्हता. म्हणून जाझ म्हणजे श्रीमंतांच्या क्लबातली करमणूक, असे समजून आपण त्याकडे पाठ फिरवू नये. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकन निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले तेही तिकडूनच. आपण त्यांचे विचार वाचले, कविता वाचल्या. त्यांचे गाणे मात्र फारसे ऐकले नाही.

अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. शेतावर राबताना म्हटलेली गाणी, चर्चमधली भजने आणि ब्लूज यांतून, न्यू ऑर्लिन्ससारख्या शहरात, विसाव्या शतकाच्या आरंभी जाझ उभे राहिले. ब्लूजचा साचा साधा आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचे. गळा थांबला की वाद्य जबाब देते. गंधार, निषाद यांसारखे सूर किंचित उतरवून लावायचे. पाश्चात्त्य स्वरलिपीत हे सूर नीट बसत नाहीत, आणि त्यातच या गाण्याची ओळख आहे.

१९२० साली मेमी स्मिथच्या ‘क्रेझी ब्लूज’ची रेकॉर्ड प्रचंड खपली. काळी माणसेही पैसे मोजून रेकॉर्ड घेतात, हे कंपन्यांना तेव्हा कळले. मग त्यांनी ‘रेस रेकॉर्ड्स’ अशी वेगळी यादीच काढली. पैसा एकाच गल्ल्यात जात होता. यादी मात्र वेगळी.

या काळातला सर्वांत मोठा आवाज बेसी स्मिथचा. टेनेसी राज्यातल्या चट्टानूगा गावी लहानपणी ती रस्त्यावर गाऊन पैसे मिळवी. १९२३ पासून तिच्या रेकॉर्ड निघू लागल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर उभे राहून गावे लागे. तरीही तिचा शब्द न् शब्द आज स्पष्ट ऐकू येतो. १९३७ साली मिसिसिपीत मोटार अपघातात ती गेली. गोऱ्यांच्या दवाखान्याने तिला परत पाठवले म्हणून ती मेली, असे पुढे अनेक वर्षे सांगितले गेले. ते खरे नाही. तिला थेट काळ्यांच्या दवाखान्यातच नेले होते. पण दवाखानेसुद्धा वेगळे असलेल्या समाजात ती कथा कोणालाही खरी वाटावी यात नवल नव्हते. चळवळीतल्या माणसाने हे लक्षात ठेवावे. वस्तुस्थिती इतकी भयंकर असताना तिला अफवेचा टेकू कशाला हवा? आणि या गायिकेच्या थडग्यावर १९७० पर्यंत साधा दगडही नव्हता, हे मात्र पूर्ण खरे आहे.

लुई आर्मस्ट्राँग हा ट्रम्पेटवादक. पण जाझ गायनाला वळण लावले तेही त्यानेच. १९२६ च्या ‘हीबी जीबीज’मध्ये तो शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर गातो. याला स्कॅट म्हणतात. आपल्याकडच्या तराण्याची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. गोऱ्यांपुढे हसतमुख राहणारा म्हणून त्याच्यावर काळ्या तरुणांनीच टीका केली. पण १९५७ साली लिटल रॉक गावी नऊ काळ्या मुलांना शाळेच्या दारात अडवले गेले, तेव्हा याच माणसाने राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना जाहीरपणे धारेवर धरले आणि सरकारतर्फे रशियाला जाण्याचे नाकारले.

बिली हॉलिडेचा आवाज बेसीसारखा भरदार नव्हता, त्याचा पल्लाही लहान होता. ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे झुंडीने झाडाला टांगून मारलेल्या काळ्या माणसांविषयीचे गाणे ती १९३९ पासून गाऊ लागली. ते एबल मीरोपोल या ज्यू शिक्षकाने लिहिले होते. तिच्या नेहमीच्या मोठ्या कंपनीने ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला. कमोडोर या छोट्या कंपनीने ते काढले. क्लबात हे गाणे शेवटी होई. वेटरांचे काम थांबे, दिवे मालवले जात, फक्त तिच्या चेहऱ्यावर प्रकाश राही. १९५९ साली वयाच्या ४४ व्या वर्षी ती दवाखान्यात मेली, तेव्हा अमली पदार्थांच्या आरोपावरून ती खाटेवरच अटकेत होती.

बिलीने दुःख भोगले म्हणून ती तशी गाऊ शकली, असे समीक्षक सांगतात. हे कौतुक तपासून पाहिले पाहिजे. दुःख भोगणाऱ्या काळ्या बाया लाखो होत्या. त्या सगळ्या बिली झाल्या नाहीत. बेसी आणि आर्मस्ट्राँग यांच्या रेकॉर्ड ऐकून ती घडली. ठेका पुढे जाऊ द्यायचा, शब्द क्षणभर मागे ठेवायचा आणि नेमक्या जागी येऊन मिळायचे, हे तिने कमावले होते. भोगणे वेगळे आणि घडवणे वेगळे. ‘उपजत’, ‘रांगडे’, ‘अनुभवाचा कच्चा माल’ ही विशेषणे दलित साहित्यालाही लावली गेली. वरून ती स्तुती दिसते. आतून ती लेखकाचे कष्ट आणि बुद्धी नाकारते. अनुभव तुमचा, कला मात्र आमची, अशी ती वाटणी आहे.

एला फिट्झगेराल्ड ऐकली की ही वाटणी टिकत नाही. १९३४ साली हार्लेममधल्या अपोलो थिएटरच्या हौशी स्पर्धेतून ती पुढे आली. १९६० साली बर्लिनच्या मैफलीत ‘मॅक द नाइफ’ गाताना ती शब्द विसरली. थांबली नाही, ठेका न सोडता तिथल्या तिथे नवे शब्द रचून तिने गाणे पुरे केले. ती रेकॉर्ड जगभर गाजली. एवढी हुकमत रियाजावाचून येत नाही.

नीना सिमोनला मुळात पाश्चात्त्य अभिजात पियानो वाजवायचा होता. १९५१ साली फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेने तिला प्रवेश नाकारला. वर्ण हेच त्याचे कारण, असे ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. २००३ साली, तिच्या मृत्यूच्या आदल्या एकदोन दिवसांत, त्याच संस्थेने तिला सन्मानाची पदविका दिली. १९६३ साली मेडगर एव्हर्स यांचा खून झाला आणि बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या बाँबस्फोटात चार मुली मारल्या गेल्या. त्या संतापातून तिने ‘मिसिसिपी गॉडॅम’ रचले. चाल नाटकातल्या गाण्यासारखी उडती आणि आशय जळता. त्याआधी १९६० साली मॅक्स रोच आणि गायिका ॲबी लिंकन यांनी ‘वुई इन्सिस्ट!’ ही तबकडी काढली. तिच्यात लिंकन एका ठिकाणी सूर सोडून नुसती किंकाळी फोडते. सुंदर गाण्याची अट तिने तिथे मोडून टाकली.

ही परंपरा थांबलेली नाही. १९८९ साली जन्मलेली सेसिल मॅक्लोरिन साल्व्हांत बेसीच्या काळातली जुनी गाणी उचलते आणि त्यांतला स्त्रियांविषयीचा उपहास श्रोत्यांवरच उलटवते. ग्रेगरी पोर्टरच्या आवाजात चर्चमधल्या गाण्याचा वारसा ऐकू येतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली समारा जॉय २०२३ साली ग्रॅमीची सर्वोत्तम नवोदित कलावंत ठरली.

एके काळी या रेकॉर्ड मिळणे दुरापास्त होते. आज फोनवर त्या सहज मिळतात. वसतिगृहात, अभ्यासवर्गात चारजणांनी बसून ऐकावे. आधी बेसी, मग बिली, मग नीना, या क्रमाने. इंग्रजी शब्द पहिल्या खेपेला कळले नाहीत तरी हरकत नाही. शब्द ठेक्याच्या किती मागे येतो तेवढे पाहावे. दुसऱ्या खेपेला शब्द लिहून घ्यावेत, आणि मग आपल्या जलशांतली, वामनदादांची गाणी त्याच कानाने पुन्हा ऐकावीत. आपण त्यांत आशय पुष्कळ शोधला. ती रचणाऱ्यांची कारागिरी किती पाहिली, हा हिशेब अजून बाकी आहे.