अर्भकाचा अनुबंध : वजनकाट्यापलीकडची गरज

तान्हे मूल आईला का बिलगते? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रातील प्रबळ मताप्रमाणे या प्रश्नाचे उत्तर सोपे होते : आई दूध देते म्हणून. भूक ही मूळ प्रेरणा आणि माया ही तिच्यातून जडलेली सवय, असे वर्तनवादी मानीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी तर १९२८ मधील आपल्या पुस्तकात मुलांना फार कुरवाळू नये, असा सल्ला पालकांना दिला होता. हा समज ढासळण्यास प्राण्यांवरील संशोधन मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरले.

ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी १९३५ मध्ये रानहंसांच्या पिल्लांविषयीची निरीक्षणे मांडली. अंड्यातून बाहेर पडल्यावर आरंभीच्या थोड्या काळात जी हलती वस्तू दिसेल तिचा ठसा पिल्लांच्या मनावर उमटतो व ती तिच्याच मागे जातात. मग तो माणूस का असेना. येथे अन्नाचा संबंधच नव्हता. लोरेंझ यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

दोन कृत्रिम माता

तथापि, निर्णायक प्रयोग अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी केला. ऱ्हीसस माकडांची पिल्ले जन्मानंतर काही तासांतच आयांपासून वेगळी करून त्यांना दोन कृत्रिम माता देण्यात आल्या. एक उघड्या तारेची, तर दुसरी मऊ कापडाने मढवलेली. चार पिल्लांना दूध तारेच्या मातेकडून मिळे, चार पिल्लांना कापडी मातेकडून. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : दोन्ही गटांतील पिल्ले सारखेच दूध प्यायली आणि त्यांचे वजनही सारख्याच गतीने वाढले. मात्र दूध कोणाकडूनही मिळो, दिवसाचा बहुतेक वेळ ती कापडी मातेलाच बिलगून राहिली. भीती वाटताच त्यांनी आधारही तिचाच शोधला. हार्लो यांनी या गरजेला स्पर्शसुख म्हटले.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यातील एक बाब विशेष महत्त्वाची वाटते. केवळ वजन मोजले असते तर दोन्ही मातांत काहीच फरक आढळला नसता. जे मोजले जात नाही ते अस्तित्वातच नाही असे मानण्याचा धोका येथे स्पष्ट होतो.

कापडी माताही पुरेशी नव्हती. खरी आई व सवंगडी यांच्यावाचून वाढलेल्या माद्यांपैकी अनेकींनी पुढे स्वतःच्या पहिल्या पिल्लाची उपेक्षा केली किंवा त्याला इजा केली. जन्मापासून सहा महिने वा अधिक काळ पूर्ण एकांतात ठेवलेल्या माकडांचे सामाजिक वर्तन गंभीररीत्या बिघडले. पुढे १९७२ मध्ये हार्लो व स्टीफन सुओमी यांनी दाखविले की, वयाने लहान, निरोगी माकडांच्या सहवासात अशा माकडांत बरीच सुधारणा होते. म्हणजेच हानी मोठी असली, तरी भरपाईची वाट पूर्णतः बंद होत नाही.

या ज्ञानाची किंमत मात्र मुक्या जिवांनी मोजली. हार्लो यांच्या एकांताच्या प्रयोगांवर क्रौर्याचा आक्षेप घेतला गेला व तो रास्त होता. ऱ्हीसस हे भारतातही आढळणारे माकड होय. त्याची निर्यात भारताने १९७८ मध्ये थांबविली.

धोरणासाठी बोध

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी तयार केलेल्या १९५१ च्या अहवालात, मातेच्या प्रेमळ व अखंड सहवासावर मुलाचे मानसिक स्वास्थ्य अवलंबून असते, असे प्रतिपादन केले होते. त्यांच्या अनुबंध सिद्धांताला पुढे लोरेंझ व हार्लो यांच्या संशोधनाचे बळ मिळाले. हा काळजीवाहक जन्मदात्रीच असावा असे नाही. तो स्थिर आणि प्रतिसाद देणारा असावा, हे महत्त्वाचे.

भारतीय धोरणांतही या विचाराशी सुसंगत तरतुदी आढळतात. बालन्याय अधिनियम, २०१५ नुसार बालकाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय होय. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली, तसेच ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर बंधनकारक झाले. असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य माता मात्र अशा सवलतींपासून दूर आहेत. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने पोषणाची पायाभरणी केली. अंगणवाडीतील वजनकाटा आवश्यकच आहे. परंतु मुलाला कडेवर घेणारे माणूस रोज तेच आहे का, हा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने विचारला गेला पाहिजे.