ठिबक आले, पण गोण्या किती?



नगर जिल्ह्यात ठिबक आले, आता मोबाईलवरून पाणी सोडणारी यंत्रेही आली. पाणी यंत्र मोजेल, खताचा हिशेब मात्र आपणच करायचा.

राहुरी कृषी विद्यापीठाची सुरू उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी १००. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र सुमारे २१ किलो. सगळे नत्र युरियातून दिले तरी पाच गोण्या पुरतात. मिश्रखतातले नत्र त्यातून वजा करा.

शेजाऱ्याचा ऊस काळाभोर दिसला म्हणून सातवी गोणी ओतली, तर जादा नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यापुढे तान्ह्या बाळांना धोका.

आम्ही एवढेच सांगतो: लागणीआधी माती तपासा, युरिया ठिबकमधून हप्त्याहप्त्याने द्या. पैसा वाचेल, विहीरही.