लॅपटॉपची बॅटरी : जुना नियम आणि नवं रसायन

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, लॅपटॉप रात्रभर चार्जिंगला लावून ठेवला तर चालतं का?" तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण याचं उत्तर मी किंमत मोजून शिकलो आहे, म्हणून आज त्यावरच बोलतो.

माझा लॅपटॉप चार वर्षं टेबलावर एकाच जागी होता, चार्जर कायम लावलेला. मला वाटायचं, बॅटरी वापरतच नाही म्हणजे ती जपली जातेय. एक दिवस टचपॅड दबेना. मी जोर लावून दाबायला लागलो. लॅपटॉप टेबलावर डुगडुगतही होता. भाचा आला होता, तो ओरडला, "मामा, दाबू नका! बॅटरी फुगलीय." मी ज्याला जपणं समजत होतो, त्यानंच ती बॅटरी म्हातारी झाली होती.

असं का व्हावं? आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती 1991 मध्ये सोनी कंपनीनं बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते!

या बॅटरीत लिथियमचे आयन दोन घरांमध्ये ये-जा करतात. चार्ज करताना ते ग्रॅफाइटच्या घरात जातात, वापरताना परत येतात. बॅटरी पूर्ण भरली की साधारणपणे प्रत्येक सेलचा दाब 4.2 व्होल्टच्या आसपास जातो. या ताणलेल्या अवस्थेत आतल्या द्रवाशी नको त्या रासायनिक क्रिया वाढतात. ग्रॅफाइटवर एक थर जाड होत जातो, त्यात थोडं लिथियम कायमचं अडकतं. काही क्रियांमधून वायू तयार होतो, तो साठला की बॅटरी फुगते. आणि उष्णता या सगळ्याला वेग देते. म्हणजे बघा, बॅटरी वापरानं झिजते हे खरंच, पण नुसती भरलेली आणि गरम राहूनही झिजते.

मग "पूर्ण उतरवा, मग पूर्ण भरा" हा सल्ला आला कुठून? तो निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. त्या बॅटऱ्या अर्धवट उतरवून पुन्हा पुन्हा भरल्या, तर त्यांची क्षमता घटल्यासारखी व्हायची. तेव्हा नियमाला कारण होतं. पुढे रसायन बदललं, कारण गेलं, नियम मात्र आपल्या तोंडी राहिला. माझ्या विषयात आम्ही विद्यार्थ्यांना हेच सांगायचो : नियम पाळण्याआधी त्याचं कारण अजून जिवंत आहे का, ते विचारा.

आता रात्रभर चार्जिंगचं. बॅटरी भरली की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं, त्यामुळे चांगल्या लॅपटॉपमध्ये ती "जास्त भरून" फुटत नाही. प्रश्न आहे तो रोज तासन्‌तास शंभर टक्क्यांवर बसून राहण्याचा. म्हणून शक्यतो 20 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. लॅपटॉप सतत चार्जरवरच चालत असेल, तर सेटिंगमध्ये 80 टक्क्यांवर थांबण्याची सोय आहे का बघा, बऱ्याच कंपन्या ती देतात. प्रवासाला निघताना शंभर टक्के भरलात तर काही बिघडत नाही. महिना-दोन महिने वापरणार नसाल, तर साधारण अर्धी भरून थंड, कोरड्या जागी ठेवा.

आणखी एक गैरसमज. चार्जर लावला की एक "सायकल" गेली, असं नसतं. आज पन्नास टक्के वापरली, उद्या पन्नास, तेव्हा कुठे एक सायकल होते. त्यामुळे थोडं थोडं चार्ज करायला घाबरू नका.

आता सुरक्षिततेचं, हे मात्र नीट ऐका. गादीवर, उशीवर ठेवून चार्ज करू नका. हवा जायची भोकं बुजतात आणि उष्णता आत कोंडते. मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत लॅपटॉप सोडू नका. चार्जर योग्य क्षमतेचा आणि खात्रीचा घ्या, शे-दोनशे रुपये वाचवायला जाऊ नका. बॅटरी फुगलेली दिसली, तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. दाबू नका, टोचू नका, स्वतः उघडू नका. सेवा केंद्रात द्या. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, ती ई-कचऱ्यातच द्यायची. टोचलेली किंवा चेपलेली बॅटरी पेट घेऊ शकते, आणि ती आग विझवणं अवघड असतं.

माझी बॅटरी बदलून झाली. टचपॅड दाबत बसलो होतो, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा : लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि तो डुगडुगतो का बघा. डुगडुगला, तर चार्जर लावण्याआधी तो दाखवून आणा.