नऊ सेंटिमीटरचा पेच

मलकापूरला महामार्गाच्या काठावरचं गाव म्हणणं आता अपुरं आहे, कारण महामार्ग गावाच्या मधूनच जातो. उत्तरेला लागून कऱ्हाड, माथ्यावर आगाशिवाचा डोंगर आणि त्यातली लेणी, ढेबेवाडीकडे वळणारा फाटा, आणि दक्षिणेला थोडं गेलं की सांगली जिल्ह्याची हद्द. नळाला चोवीस तास पाणी देणारं छोटं शहर म्हणून याचं नाव राज्यभर झालं, आणि मलकापूरवर लिहायला बसणारा माणूस साहजिकच त्या पाण्याकडे वळतो. इथे लिहायचं आहे ते मात्र त्याच रस्त्याकडेच्या एका धंद्याबद्दल, ज्याला फलक लागत नाही. खांबाला टांगलेला जुना टायर, त्यावर पांढऱ्या रंगात ‘पंक्चर’, खाली घमेल्यात काळपट पाणी आणि शेजारी धडधडणारा कॉम्प्रेसर, एवढं दिसलं की पुरतं. गळीत हंगामात रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्याकडे आणि यशवंतनगरच्या सह्याद्रीकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, बैल जोडलेल्या टायरगाड्या, ट्रक आणि मोटारसायकली, सगळ्यांना हाच माणूस पुरा पडतो. त्याच्या कामांपैकी सगळ्यांत जास्त वेळा पाहिलेलं आणि सगळ्यांत कमी समजलेलं काम म्हणजे मोटारसायकलचा टायर दोन-तीन लोखंडी पट्ट्यांनी, म्हणजे लिव्हरनी, रिमवरून उतरवणं आणि पुन्हा चढवणं. बघणाऱ्याला ते ताकदीचं काम वाटतं. माझं म्हणणं असं की त्यात ताकदीचा वाटा फार थोडा आहे, ते भूमितीचं काम आहे, आणि म्हणूनच ज्याला गाडी चालवता येते त्याला ते शिकता येतं.

18 इंची चाक घ्या. टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तारांचं एकेक कडं पुरलेलं असतं, त्याचा व्यास सुमारे 457 मिलिमीटर. रिमचा बाहेरचा काठ हे कडं जिथे टेकतं त्या बैठकीपेक्षा साधारण 14 मिलिमीटर उंच असतो, म्हणजे काठाचा व्यास होतो 485. दोन्हींच्या परिघांत जवळजवळ 9 सेंटिमीटरचा फरक पडला. तार ताणून हा फरक भरून निघणार नाही, कारण न ताणणं हेच तर त्या तारेचं काम. ती ताणली गेली असती, तर हवा भरल्यावर टायर रिमवरून निसटला असता. तेव्हा पेच असा, की जे धावताना कधीही सुटता कामा नये ते थांबल्यावर हाताने सुटलं पाहिजे. याचं उत्तर रिमच्या पोटात आहे. रिमचा मधला भाग दोन्ही बाजूंच्या बैठकींपेक्षा खोल असतो. टायरची कड एका बाजूला बैठकीवरून ढकलून त्या खळग्यात उतरवली की अख्खं कडं त्या बाजूला सरकतं आणि बरोबर समोरच्या बाजूला सैल पडतं. मग तिथे ते काठावरून वर येतं. कासार हातात बांगडी भरतो तेव्हा काच ताणत नाही, अंगठा तळव्यात दुमडून हाताचा घेर कमी करतो, तसंच हे.

एवढं ध्यानात आलं की रस्त्याकडेला चाललेल्या निम्म्या झटापटींचं कारण कळतं. नवख्याचं सगळं लक्ष लिव्हर जिथे घातली आहे तिथे असतं. खरं काम मात्र समोरच्या बाजूला, गुडघ्याखाली होत असतं, आणि तिथली कड मधल्या मध्ये खळग्यातून वर चढून बैठकीवर जाऊन बसलेली असते. टायर हलत नाही म्हणून तो जास्त लांब लिव्हर शोधतो. पंचवीस-तीस सेंटिमीटरची साधी लिव्हरही हाताचा जोर सहज दसपट करते. त्याहून लांब पहार घातली, तर वाकते ती रिम किंवा तुटते ती कडेतली तार, आणि तार तुटलेला टायर कितीही नवा दिसला तरी फेकण्याच्या लायकीचा. जाणता माणूस अशा वेळी जोर वाढवत नाही. तो थांबतो, समोरची बाजू पुन्हा दाबून घेतो आणि लिव्हरचा घास लहान करतो. दोन बोटांएवढे छोटे घास घेत गेलं की तिसऱ्या-चौथ्या घासानंतर उरलेली कड नुसत्या हाताने बाहेर येते. न आल्यास चूक समोर आहे असं समजावं.

ही खळग्याची युक्ती जवळजवळ हवेच्या टायरइतकीच जुनी आहे. डनलॉपने 1888 मध्ये पेटंट घेतलेला टायर चाकाला कापड गुंडाळून चिकटवलेला असे. पंक्चर झालं की सगळं सोलून काढायचं, ट्यूब जोडायची, पुन्हा चिकटवायचं आणि सुकायला रात्रभर ठेवायचं. हवेवर चालण्याचं सुख कळलं होतं, पण ते सुख एका खिळ्यात संपत होतं. 1890 मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने न ताणणारी तारेची कड आणि तिला साजेशी मधे खोलगट रिम यांचं पेटंट घेतलं, आणि पुढे डनलॉप कंपनीने ते विकत घेतलं. तिकडे फ्रान्समध्ये मिशलँ बंधू वेगळ्या वाटेने त्याच गोष्टीमागे लागले होते. 1891 च्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस सायकल शर्यतीत शार्ल तेराँ त्यांचे काढता-घालता येणारे टायर लावून उतरला आणि जिंकला. त्याला वाटेत पंक्चर झाली नाहीत असं नव्हे. ती रस्त्यातच काढता आली, हा फरक होता. म्हणजे टायर रस्त्यावर हाताने उतरवता येणं हा नंतर सुचलेला तात्पुरता जुगाड नाही. त्याच्यावाचून हवेचा टायर शर्यतीच्या मैदानातून गावच्या रस्त्यावर आलाच नसता.

आता प्रत्यक्ष हात कुठे काय करतात ते बघू. गाडी डबल स्टँडवर, कठीण जमिनीवर. मागचं चाक असेल तर ब्रेक रॉडची नट, टॉर्क आर्म आणि अ‍ॅक्सलची नट एवढं सोडवावं लागतं. चेन ताणायच्या पट्टीवर खुणा असतात, त्या दोन्ही बाजूंना सारख्या किती होत्या हे आधी पाहून ठेवलेलं बरं, नाहीतर परत बसवताना चाक तिरपं बसतं. पूर्ण चेनकव्हर असलेल्या बऱ्याच गाड्यांत स्प्रॉकेट आणि चेन जागच्या जागी राहते आणि नुसतं चाक बाहेर येतं. व्हॉल्व्हची पिन काढून उरलीसुरली हवा सोडली, व्हॉल्व्हची नट काढली, की पाळी येते बैठकीवर चिकटलेल्या कडेची. लोखंडी रिम गंजलेली असेल तर ही कड टाचेने दाबून सुटत नाही. तेव्हा साबणाचं पाणी सोडायचं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर दुसऱ्या मोटारसायकलचा साइड स्टँड टायरच्या कडेवर, रिमला अगदी लागून टेकवून ती गाडी त्यावर कलती करायची. गाडीचं वजन आपलं काम करतं. ट्यूब काढण्यासाठी टायरची एकच कड उतरवावी लागते, आणि लिव्हर व्हॉल्व्हजवळून सुरू करायची, कारण खळग्यात जायची कड समोर मोकळी हवी असते. व्हॉल्व्हपाशी ट्यूबचा जाडसर बुंधा खळगा अडवून बसलेला असतो.

ट्यूब बाहेर आली की सगळे तिच्या भोकामागे लागतात आणि टायरला विसरतात. भोक पाडणारी वस्तू अजून टायरमध्येच असू शकते: बाभळीचा काटा, बुटाचा खिळा, किंवा महामार्गावर फार आढळणारी, ट्रकच्या झिजलेल्या टायरमधून सुटलेली केसासारखी बारीक तार. व्हॉल्व्हशी जुळवून ट्यूब टायरवर आडवी ठेवली की भोकासमोरची जागा सापडते. आतून चिंधी फिरवावी, बोट नव्हे. पॅचच्या बाबतीत घाई हाच एक शत्रू. ट्यूब घासून, सोल्युशन लावून, ते बोटाला न चिकटण्याइतकं वाळू द्यायचं असतं, आणि ओल्यावर दाबलेला पॅच पुढच्या गावापर्यंतच टिकतो. दुकानातली गरम प्रेस याहून भरवशाची, कारण तिथे रबर रबराशी शिजून एकजीव होतं. पण ती रस्त्यावर नेता येत नाही.

खरी अडचण उतरवताना येत नाही, चढवताना येते. ट्यूबला आकार येईल इतपतच हवा भरायची, व्हॉल्व्ह भोकात घालून नट दोन आटे लावून सैल ठेवायची, आणि आता उलट क्रमाने सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून, शेवट व्हॉल्व्हपाशी. शेवटचा वीतभर भाग सगळ्यांत चिवट. इथेच लिव्हरचं टोक ट्यूबला रिमवर चिमटतं आणि काढलेल्या एका पंक्चरच्या जागी नवी दोन तयार होतात. व्हॉल्व्ह आत ढकलून बघायचा. तो सहज आत-बाहेर होत असेल तर ट्यूब कडेखाली अडकलेली नाही. हवा भरल्यावर टायरच्या बाजूला रिमलगत फिरणारी बारीक रेघ सगळीकडे काठापासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती आत गेली असेल तर कड अजून खळग्यात आहे, हवा सोडा आणि पुन्हा भरा.

यावर एक रास्त शंका येते. इतका खटाटोप असेल तर रिमच दोन तुकड्यांची का करू नये? केली होती, आणि ती पुण्याजवळ आकुर्डीतच तयार होणाऱ्या स्कूटरला होती. बजाज चेतकची 10 इंची रिम पत्र्याच्या दोन अर्ध्यांची, मधे नटबोल्टने जोडलेली. हवा सोडायची, नट काढायच्या, रिम दुभंगून ट्यूब बाहेर. लिव्हरला कामच नाही. शिवाय पाठीशी स्टेपनी, त्यामुळे एरवी गाडीला हात न लावणारी माणसंही चाक बदलत. यात धोका एकच होता, पण मोठा: हवा न सोडता चुकीच्या नट सोडवल्या तर रिमचा अर्धा भाग उडून अंगावर येई. हा मार्ग मोटारसायकलच्या मोठ्या, आऱ्यांच्या चाकाला परवडणारा नव्हता. दुभंगणारी रिम जड होते, आणि आरे दोन्ही बाजूंनी ओढणार ते एकसंध रिमलाच. शिवाय तिच्यात ट्यूबशिवाय हवा राहत नाही, त्यामुळे ट्यूबलेस टायर आल्यावर स्कूटरच्या चाकांतूनही ती गेली.

सगळ्यांत वजनदार आक्षेप त्या ट्यूबलेसचाच आहे. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, चाक न काढता बाहेरून पट्टी ठोसली की काही मिनिटांत गाडी चालू. मग ही लिव्हरची विद्या संग्रहालयात का ठेवू नये? निम्मा आक्षेप मला मान्य आहे. रोजच्या खिळ्या-काट्यांसाठी ट्यूबलेस निःसंशय चांगला. पण तो बाजूच्या भिंतीला गेलेल्या चिरेवर चालत नाही, आणि खड्ड्यात आपटून अलॉय रिमचा काठ चेपला तर हवा तिथूनच निसटते. वाईट बाब अशी की ट्यूबलेसची कड एकदा बैठकीवरून सुटली तर ती परत बसवायला हवेचा जोरदार झोत लागतो, आणि तो हातपंपाने मिळत नाही. अशा वेळी कोयनेकडून चिपळूणला उतरणाऱ्या कुंभार्ली घाटात त्या टायरात ट्यूब घालणं हाच सुटकेचा मार्ग उरतो, आणि ट्यूब घालायची म्हणजे पुन्हा तोच खळगा, त्याच लिव्हर. साध्या आऱ्यांच्या चाकात तर आऱ्यांच्या भोकांतून हवा जाते म्हणून ट्यूब राहणारच. आणि खराब रस्त्यावर आऱ्यांचं चाक अजून पुष्कळांना हवं असतं, कारण ते लवचिक आहे आणि तुटलेला आरा बदलता येतो.

दुसरा आक्षेप जागेचा आहे, आणि तो मला जास्त छळतो. पन्नास पावलांवर दुकान असताना स्वतः का करावं? मलकापुरात आज ही पन्नास पावलं राहिलेली नाहीत. महामार्गाचं सहापदरीकरण आणि जुना उड्डाणपूल पाडून नव्या पुलाचं बांधकाम यांनी मुख्य रस्ता आणि सेवारस्ता वेगळे झाले. दुकान डोळ्यांना दिसतं, पण मधे कठडा असतो आणि पुढची फट दूर. मग गाडी ढकलत न्यायची. हवा नसलेलं चाक फिरताना टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढत नेतो आणि व्हॉल्व्ह बुंध्यापाशी फाटतो. दुकानात पोचेपर्यंत पॅचने भागणारं काम नव्या ट्यूबवर गेलेलं असतं. म्हणून काही लोक जिथे पंक्चर झालं तिथेच, धावत्या ट्रकांशेजारी बसून चाक खोलतात. माझ्या मते हे वेडं धाडस आहे, आणि स्वतः शिकण्याच्या बाजूने बोलताना ही मर्यादा सांगायलाच हवी. महामार्गाच्या पदराला लागून चाक खोलू नये, फाटली तर फाटो ट्यूब, गाडी आधी आत घ्यावी. ट्यूब स्वस्त आहे. ही विद्या ढेबेवाडीच्या रस्त्याला, शेताच्या बांधाला, घाटातल्या रुंद वळणावर वापरायची, आणि शिकायची तर घरच्या अंगणात, पंक्चर नसताना.

बरोबर काय न्यावं याची यादी छोटी असली तरी तिच्यात एक खोच आहे. गाडीबरोबर मिळणाऱ्या पिशवीत प्लगचा पाना, स्क्रूड्रायव्हर आणि एखाद-दोन दुतोंडी पाने असतात. लिव्हर बहुधा नसतात आणि अ‍ॅक्सलच्या नटेला बसेल असा पाना त्यात आहे की नाही हे घरीच तपासावं लागतं. दोन लिव्हर चालतात, तीन असल्या तर हात मोकळा राहतो. छोटा पंप हवाच. पॅचपेक्षा अख्खी ट्यूब नेणं शहाणपणाचं, आणि 18 इंचाची ट्यूब 17 इंचात वेळ मारून नेते. पण ही ट्यूब पान्यांच्या पिशवीत कोंबली तर वर्षभराच्या हादऱ्यांनी लोखंडाशी घासत राहते. तिला शंखजिरं लावून, जाड कापडात गुंडाळून वेगळं ठेवावं, नाहीतर नेमकी गरज पडते तेव्हा बाहेर निघते ती आधीच भोक पडलेली ट्यूब.