वैद्यकीय विद्यार्थ्याचा आरोग्य विमा : पुरेसा म्हणजे नेमका कसा?

सुरुवातीला आम्ही एक प्रश्न विचारला, तुमच्यापैकी किती जणांचा आरोग्य विमा आहे? जवळजवळ सगळे हात वर गेले. मग विचारलं, घरच्या पॉलिसीत तुमचं नाव कोणत्या वयापर्यंत राहणार आहे? बरेच हात खाली आले. आजचं व्याख्यान त्या खाली आलेल्या हातांसाठी आहे.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. एक वर्ष नीट रिपीट करून तो एमबीबीएसला लागला. साडेचार वर्षं अभ्यासक्रम, एक वर्ष इंटर्नशिप. ती संपली आणि खोली भाड्याने घेऊन तो पीजीच्या तयारीला बसला. पावसाळ्यात डेंग्यू झाला, प्लेटलेट्स खाली गेल्या, खासगी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. वडिलांनी पॉलिसी न चुकता भरली होती. पण काउंटरवर कळलं की त्यात आता तीनच नावं आहेत. मुलाला २५ पूर्ण झाले होते, नूतनीकरणाच्या वेळी त्याचं नाव गळलं होतं आणि कागद कुणी वाचला नव्हता. तो बरा झाला, पण सगळं बिल घरच्यांनी भरलं.

यात कुणी फसवलं नाही. बहुतेक फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे एकाच रकमेत सगळं कुटुंब असलेल्या पॉलिसीत, अवलंबून असलेलं मूल साधारण २५ वर्षांपर्यंतच धरतात. आई-वडिलांच्या नोकरीतून मिळणाऱ्या गट विम्यातही बहुधा तसंच असतं. इतरांना त्या वयापर्यंत नोकरी लागलेली असते. आपल्याकडे हिशेब वेगळा आहे. १८ व्या वर्षी प्रवेश घेतला तरी इंटर्नशिप संपेपर्यंत साडेतेवीस. एखादं वर्ष रिपीट, एखादं वर्ष पीजीच्या तयारीत, की पंचविशी आलीच. कॉलेजचा काही विमा असेल तर तोही तिथं शिकत असेपर्यंतच, आणि अनेकदा तो फक्त अपघाताचा असतो.

म्हणून आमचं पहिलं सांगणं असं की पुरेसा विमा किती लाखांचा, हे नंतर बघू. आधी तो पुढची दहा वर्षं सलग चालेल का, ते बघा. सलग का? कारण प्रतीक्षा काळ. नवी पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी आजारांचा दावा चालत नाही. हर्निया, टॉन्सिल अशा ठरावीक आजारांना बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजारासाठी ही मर्यादा पूर्वी ४८ महिन्यांपर्यंत होती, २०२४ पासून नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ती जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणली. विसाव्या वर्षी, धडधाकट असताना घेतलेल्या पॉलिसीत हा काळ निमूटपणे संपून जातो. घरच्या पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच कंपनीत स्वतःच्या नावावर पॉलिसी घेतली, तर आधीच्या वर्षांचं श्रेय मिळतं. पण त्यासाठी मुदत संपण्याआधी अर्ज करायचा. नाव गळल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

आता रक्कम. लातूरची मुलगी मुंबईत शिकते. पॉलिसी घरच्या पत्त्यावर, हप्ता लातूरच्या दराने. काही पॉलिसींमध्ये शहरांचे झोन असतात. स्वस्त झोनचा हप्ता भरून महागड्या शहरात उपचार घेतले, तर बिलाचा काही टक्के हिस्सा स्वतः सोसावा लागतो. त्याला को-पे म्हणतात. तेव्हा तुम्ही राहता कुठे हे कंपनीला कळवा, आणि कॅशलेस रुग्णालयांची यादी होस्टेलच्या परिसरासाठी तपासा.

दुसरं, खोलीभाड्याची मर्यादा. ही नीट समजून घ्या. समजा ३ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याला रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये मर्यादा आहे. तुम्ही ६,००० ची खोली घेतली, पाच दिवस राहिलात. खोलीचे ३०,०००, डॉक्टर-नर्सिंग-शस्त्रक्रियेचे ६०,०००, औषधं आणि तपासण्यांचे ३०,०००. एकूण १ लाख २० हजार. तुम्हाला वाटेल, खोलीच्या फरकाचे १५,००० आपण भरू. तसं होत नाही. खोली दुप्पट दराची, म्हणून डॉक्टर-नर्सिंगचा खर्चही निम्माच मंजूर होतो. औषधं, तपासण्यांना ही कपात नाही. कंपनी देणार ७५,०००, तुमच्या खिशातून ४५,०००. म्हणून खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग असली तरी आम्ही तीच घ्यायला सांगतो.

मोठी रक्कम परवडत नसेल तर ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि वर सुपर टॉप-अप घ्या. वर्षभरातल्या बिलांची बेरीज ठरलेल्या रकमेवर गेली की तो सुरू होतो. नुसत्या टॉप-अपमध्ये प्रत्येक दाखल होण्याचं बिल वेगळं मोजतात, हा फरक विसरू नका. वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसींवर पूर्वी १८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून राहिलेला नाही.

आता आपल्या पेशाची गोष्ट. वॉर्डात सुई टोचली तर काय? एचआयव्हीचा धोका असेल तर औषधं शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची. क्षयरोग झाला तर महिनोन् महिने गोळ्या. यातलं बरंचसं घरी राहून होतं, आणि साध्या पॉलिसीला किमान २४ तास दाखल होणं लागतं. म्हणजे आपल्या कामातला सगळ्यात ओळखीचा धोका बहुतेक पॉलिसींच्या बाहेर पडतो. त्याची सोय वेगळी करायची. हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस पूर्ण करा, टायटर तपासून घ्या. सुई टोचल्यावर रात्री दोन वाजता कुणाला कळवायचं हे आधीच माहीत असू द्या. सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधं मिळतात, क्षयरोगाचे उपचारही सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. संकोचापोटी लपवू नका.

मनाच्या आजाराचंही तेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे. तरी समुपदेशनाच्या फेऱ्या ओपीडीतच येतात. त्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक फोनमध्ये ठेवा.

अर्ज भरताना दमा, थायरॉइड, जुनं ऑपरेशन, सगळं लिहा. एजंट म्हणेल, “राहू दे, कोण बघतंय?” दाव्याच्या वेळी बघतात. सलग पाच वर्षं पॉलिसी चालल्यावर माहिती दडवल्याचं कारण देऊन दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण ती पाच वर्षं धाकात कशाला काढायची?

कुणी विचारेल, महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे ना? आहे, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आधार आहे. मात्र ठरावीक उपचारांसाठी आणि संलग्न रुग्णालयांतच. ओळखपत्रं तयार ठेवा, विम्याच्या जोडीला ती असू द्या.

तर आज रात्री घरी फोन करा. पॉलिसीचा फोटो मागवा आणि चार गोष्टी शोधा : माझं नाव आहे का आणि कधीपर्यंत, खोलीभाड्याची मर्यादा, को-पे आणि प्रतीक्षा काळ. नवी पॉलिसी घेतली असेल तर हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, म्हणून वाचायला तेवढा वेळ आहे. चौविसावं सरत आलं असेल, तर वाचण्याआधी कंपनीला फोन करा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.