खेळण्यांचे दप्तर

जुनी वाटणीपत्रे, जप्तीच्या याद्या किंवा सरदार घराण्यांच्या जामदारखान्यांचे खर्डे चाळू लागले म्हणजे हंडे, घागरी, समया, पलंग, शालजोड्या यांचा बारीकसारीक तपशील त्यांत सापडतो. परंतु ज्यांवाचून त्या वाड्यांतले एकही बालपण सरले नसेल, त्या खेळण्यांना मात्र या कागदांत सहसा जागा मिळालेली दिसत नाही. मिळावी तरी कशी? ज्याची किंमत ठरत नाही, ज्यावर कोणी हक्क सांगत नाही आणि जे मोडले म्हणजे चुलीत किंवा उकिरड्यावर जावयाचे, त्याची नोंद करण्याची तसदी कोणता कारकून घेईल? म्हणून गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत महाराष्ट्रातील जुनी खेळणी कशी टिकली, कोणी टिकविली आणि कोणती हातची गेली, याचा मागोवा घेऊ पाहणाऱ्यास कागदाचा आधार फारसा लाभत नाही. साक्षीला खुद्द वस्तूच बोलवाव्या लागतात.

खेळणी जपण्याची आमची पहिली व्यवस्था संग्रहालयाची नव्हती; ती सणावारांची होती. चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यात बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत सोयीचा दिवस पाहून हळदीकुंकू व्हावयाचे, आणि त्या दिवशी गौरीपुढे पायऱ्यांची आरास रचून तीवर लाकडी राजाराणी, मातीचे वाघ, चिनीमातीच्या बाहुल्या, पितळी हत्तीघोडे असा घरातला सगळा परिवार मांडला जावयाचा. आंब्याची डाळ आणि पन्हे संपून आरास उतरली म्हणजे हीच खेळणी जुन्या धोतरांच्या फडक्यांत गुंडाळून ट्रंकेत भरली जात आणि ट्रंक माळ्यावर जाई. मुलांनी ती पाहावी, हात लावू नये, असा अनेक घरांत दंडकच असे. त्या काळच्या मुलांवर हा अन्यायच होता. पण आज जी शतकापूर्वीची खेळणी अखंड अवस्थेत पाहावयास मिळतात, त्यांतील पुष्कळशी या अन्यायाची कृपा आहेत. मूळ खोक्यातून कधीच बाहेर न निघालेल्या खेळण्याला युरोप-अमेरिकेच्या लिलावांत जी चढी किंमत येते, तिच्यामागील तत्त्व आमच्या आज्यांना कोणत्याही लिलावावाचून ठाऊक होते.

खेळली गेलेली आणि तरीही उरलेली खेळणी पाहावयाची तर भातुकलीकडे वळले पाहिजे. भातुकली टिकली ती धातूमुळे. पुण्याच्या तांबट आळीत जे हात बंब आणि घंगाळी ठोकीत, त्याच हातांचे कसब या बोटभर भांड्यांतही उतरलेले दिसते. एखादा जुना संच समोर मांडून पाहावा: बोटाच्या पेराएवढे मोदकपात्र, त्याला चाळणीसारखी भोके पाडलेली आतली ताटली, वरचे घट्ट बसणारे झाकण, शेजारी बंब, त्याला खाली राखेची जाळी आणि बाजूला फिरणारी तोटी, पळीचा दांडा टोकाशी वळविलेला, कारण खऱ्या पळीचाही तो तसाच असतो. कारागिराने मुलीसाठी म्हणून कोठे काटकसर केलेली नाही. तवा, परात, रोवळी, शेवेचा साचा, उखळ-मुसळ, दगडी जाते, पाटा-वरवंटा ही सगळी मंडळी मोठ्या स्वयंपाकघरांतून एकेक करून निघून गेली. भातुकलीतून मात्र ती कोणी काढली नाहीत. मराठी स्वयंपाकघराच्या इतिहासाचे इतके भरवशाचे साधन दुसरे क्वचितच असेल, आणि इतिहासकारांनी त्याची जेवढी दखल घ्यावयास हवी होती तेवढी घेतलेली नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

बाहेरून आलेल्या खेळण्यांचे प्रकरण त्या मानाने लवकर आटोपते. न्यूरेंबर्गकडची किल्लीने चालणारी पत्र्याची खेळणी मुंबईच्या बाजारात येत, ती १९१४ च्या महायुद्धाने थांबली आणि त्यांच्या जागी जपानी माल शिरला. त्यातील पत्रा गंजला, स्प्रिंगा तुटल्या. जे वाचले ते आज मुंबईच्या चोरबाजारात हौशी गिऱ्हाइकांची वाट पाहत असते.

याच सुमारास, १९२० च्या आगेमागे, पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. चष्म्यांचा व्यवसाय करणारा आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा हा गृहस्थ तलवारी आणि चित्रे यांच्याबरोबरच अडकित्ते, दौती, फण्या, वज्र्या, दिवे, सोंगट्या आणि खेळणी यांच्यासाठी गावोगाव हिंडला, आणि पत्नी कमलाबाई यांनी या नादाला आयुष्यभर साथ दिली. राजाच्या वस्तू जमविणारे पुष्कळ होते. रोजच्या वापराच्या वस्तूला पुराणवस्तूचा मान देणारे त्या काळी विरळा. संग्रहाला त्यांनी आपल्या अकाली गेलेल्या लहान मुलाचे, राजाचे, नाव दिले आणि १९६२ मध्ये राजा केळकर संग्रहालय उभे राहिले. एका मुलाच्या नावाने चाललेल्या या वास्तूत खेळण्यांना मिळालेली जागा मला तेथील शस्त्रांहून अधिक अर्थपूर्ण वाटते. एडिंबरो येथे बालपण या एकाच विषयाला वाहिलेले संग्रहालय १९५५ मध्ये निघाले, आणि ते मुलांसाठी नसून मुलांविषयी आहे असे त्याचे संस्थापक पॅट्रिक मरे आवर्जून बजावीत. केळकरांना अशी तंबी देण्याची गरज कधी पडली नसावी.

परंतु ज्या दशकात केळकरांचे संग्रहालय सिद्ध झाले, त्याच सुमारास मराठी घरांतून खेळण्यांची सर्वांत मोठी गळती सुरू झाली. स्टेनलेस स्टील आले, पितळेला कल्हई करण्याचा जाच सुटला, आणि घरोघरची तांब्यापितळेची भांडी मोडीत निघाली. हंड्यांच्या सोबत भातुकलीही तराजूत पडली. अर्धा शेर मोड म्हणून जे गेले, त्यात कोणाच्या पणजीचा किती संसार वितळला याचा हिशेब कोठेही मिळणार नाही. पाठोपाठ प्लॅस्टिक आले आणि लाकडाचे घोडेही मागे पडले.

सावंतवाडीची कथा याच पडत्या काळातली, आणि ती वेगळ्या वळणाची आहे. तेथील चितारी पांगाऱ्याच्या हलक्या, मऊ लाकडाची फळे, भाज्या आणि खेळणी करीत. चिंचोक्याची खळ लावून जाड केलेल्या गोल पानांवर गंजिफाही रंगवीत. दशावतारी गंजिफेचा डाव १२० पानांचा. छापील पत्ते आल्यावर हा व्यवसाय मरणपंथास लागला आणि जाणते कारागीर बोटांवर मोजण्याइतके राहिले. तेव्हा, १९७० च्या पुढेमागे, सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागिराकडून ही विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारखाना मांडून नव्या मुलांना कामास लावले. जुनी पाने काचेच्या पेटीत ठेवून स्वस्थ बसणे त्यांना सोपे होते. त्यांनी वस्तूऐवजी हात जपले. माझ्या मते या शंभर वर्षांतील जतनाचे सर्वांत शहाणे कृत्य हेच होय.

एवढ्या खटपटीनंतरही ताळेबंद मांडला तर धातूची आणि राजवाड्याच्या सावलीतली खेळणी उरली आहेत, आणि गरिबाघरची जवळपास सगळी गेली आहेत. पोळ्याचे मातीचे बैल, चिंध्यांच्या ठकी, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, विदर्भातल्या तान्ह्या पोळ्याचे चाके लावलेले साधे लाकडी बैल, यांचे संग्रह किती आहेत?

उरलेल्यांचेही हाल होतात ते बहुधा मायेपोटी. चिंच लावून लखलखीत घासलेल्या भातुकलीवरची घडणावळीची आणि वापराची खूण पुसून जाते. उडालेला रंग नव्या तैलरंगाने भरला की जुन्या खेळण्याचे नवे, बेगडी खेळणे होते. लाकूड कोरड्या, हवेशीर जागी ठेवावे, उन्हात नव्हे, आणि भुंग्याची बारीक पूड खाली पडलेली दिसताच ते इतरांपासून दूर करावे. सेल्युलॉइडची बाहुली तर आप्तेष्टांत ठेवूच नये. ती झिजू लागली की तिच्यातून सुटणारे आम्ल शेजारच्या धातूला आणि कापडाला खाते, आणि ती चटकन पेट घेते हेही विसरू नये.

वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर अशी ट्रंक असेल त्यांना एवढीच विनंती आहे की, ती खाली काढून प्रत्येक वस्तूपुढे ती कोणाची, कोठून व कोणत्या सुमारास आली आणि तिच्याशी कोण खेळले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका वहीत लिहून ठेवावे, आणि वही त्याच ट्रंकेत ठेवावी. हे काम यंदाच्या चैत्रापर्यंत लांबवू नये; सांगणारी माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत.